डेव्हिन विल्यम्सची हुर्यो उडवण्याआधी : मेट्सच्या मराठी चाहत्यांना खुलं पत्र

एडिसन, न्यू जर्सी
फेब्रुवारी 2026

मेट्स ह्या न्यूयॉर्कच्या बेसबॉल संघापायी दर सप्टेंबरला रक्तदाबाची गोळी वाढवून घेणाऱ्या, न्यू जर्सी आणि क्वीन्समधल्या समस्त मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

संक्रांतीला एकमेकांच्या हातावर तिळगुळ ठेवून ‘गोड बोला’ म्हणून झालं आणि पाचव्या मिनिटाला आपण नव्याने घेतलेल्या डेव्हिन विल्यम्स ह्या पिचरवरून, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यावरून, जी जुंपली, ती गुळपोळीचं ताट रिकामं झालं तरी मिटली नव्हती. विल्यम्स गेल्या वर्षी न्यूयॉर्कच्याच यँकीज संघात होता, म्हणून काका म्हणाले, “यँकीजनी बाहेर काढून ठेवलेलं फर्निचर आपण रस्त्यावरून उचलून घरी आणलंय.” एक वहिनी म्हणाल्या, शेवटची इनिंग टाकणारा आपला डियाझ लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे गेला त्याच दिवशी आपला ऑक्टोबर, म्हणजे प्लेऑफची बाद फेरी, गेला. कॉलेजात शिकणाऱ्या एका ताईने तर जाहीरच केलं, की एप्रिलमध्ये विल्यम्सने पहिला सेव्ह घालवला की ती खुर्चीवर उभी राहून हुर्यो उडवणार, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तेव्हा तोंड उघडलं नाही. तोंडात पोळी होती हे एक कारण. दुसरं असं, की मला जे म्हणायचं आहे ते ओरडून म्हणता येत नाही. म्हणून हे पत्र.

पोर्ट सेंट ल्यूसीला सराव सुरू झालाय, मार्चअखेर सीझन सुरू होईल. म्हणजे अजून कुणाचंच काही बिघडलेलं नाही. बोलायचं तर आत्ताच बोललेलं बरं.

पत्र खुलं आहे, त्यामुळे बेसबॉल न बघणारे जावईबापूही वाचतील. त्यांच्यासाठी चार ओळी. बेसबॉलच्या नऊ इनिंग असतात. शेवटच्या इनिंगला थोडक्या रनांची आघाडी असली की एक खास पिचर आणतात. तो बहुधा एकच इनिंग टाकतो आणि दार लावून घेतो, तो क्लोझर. आघाडी टिकली तर त्याच्या नावावर ‘सेव्ह’ लागतो. गेली तर सेव्ह ‘घालवला’ म्हणतात, आणि रात्रभर शिव्या खातो. आपल्याकडच्या शेवटची ओव्हर टाकणाऱ्या बोलरसारखंच, फक्त हा प्रसंग वर्षातून साठ-सत्तर वेळा येतो.

आता विल्यम्सचा हिशेब. मिलवॉकी ब्रूअर्सकडून 2020 साली तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवखा खेळाडू ठरला. त्या छोट्या सीझनमध्ये त्याने 27 इनिंगमध्ये 53 बॅटर स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केले होते. त्याचा चेंजअप हा चमत्कारच आहे. हात वेगवान चेंडूसारखा फिरतो, चेंडू मात्र दहा मैल हळू येतो आणि उजव्या बॅटरच्या अंगाकडे वळत खाली बुडतो. आपल्या भाषेत सांगायचं तर मध्यमगती बोलरने पूर्ण ताकदीने टाकलेला ऑफब्रेक. डिसेंबर 2024 मध्ये यँकीजनी त्याला आणला. एप्रिल 2025 मध्ये तो असा काही कोसळला, की ब्राँक्समधल्या यँकी स्टेडियमने उभं राहून संघातल्याच दुसऱ्या पिचरच्या, ल्यूक वीव्हरच्या, नावाचा गजर केला. ‘वुई वाँट वीव्हर!’ महिना संपायच्या आत क्लोझरपद गेलं. वर्षअखेरीस त्याचा ईआरए, म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुका वगळून दर नऊ इनिंगमागे दिलेले रन, 4.79 होता. क्लोझरसाठी हा आकडा लाजिरवाणाच आहे, मी झाकत नाही. पण त्याच 62 इनिंगमध्ये त्याने 90 बॅटर स्ट्राइकआउट केले, हेही त्याच कागदावर लिहिलेलं आहे. चेंडू वळायचा थांबलेला नव्हता.

डिसेंबरमध्ये आपण त्याला तीन वर्षांसाठी 5 कोटी 10 लाख डॉलरला घेतलं. डियाझ तीन वर्षांच्या 6 कोटी 90 लाखांवर लॉस एंजेलिसला गेला. ह्या दोन आकड्यांमधल्या फरकावरून मालकाला कंजूस म्हणणाऱ्यांनी ह्वान सोटोचे 76 कोटी 50 लाख आठवावेत आणि गप्प बसावं.

माझं म्हणणं एवढंच आहे : आपला ऑक्टोबर क्लोझरच्या हातून जात नाही. तो जातो मे-जूनमध्ये, कुणाचं लक्ष नसताना, तिसऱ्या आणि पाचव्या इनिंगमध्ये. आपण मात्र खापर शेवटी दिसलेल्या माणसावर फोडतो, कारण घरी जाताना तोच डोळ्यांसमोर असतो.

पुरावा लांब शोधायला नको, आपल्याच घरात आहे. गेल्या वर्षी डियाझचा ईआरए 1.63 होता. 28 सेव्ह. ह्याहून चांगला क्लोझर कुणी देवाकडे मागत नाही. आणि आपण काय केलं? 12 जूनला 45 विजय आणि 24 पराभव, अख्ख्या बेसबॉलमधला सर्वांत चांगला रेकॉर्ड. त्याच दिवशी आपला पिचर कोडाई सेंगा पहिला बेस गाठताना उंच आलेला चेंडू पकडायला उडी मारून खाली आला आणि मांडीचा स्नायू धरून बसला. त्यानंतर जी घरघर लागली ती लागलीच. पीटरसन सोडला तर सहा इनिंग टाकेल असा स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, कित्येक आठवडे मिळाला नाही. जुलैअखेर डियाझच्या मदतीला म्हणून कार्डिनल्सचा क्लोझर हेल्सली आणला, तर आपल्याकडे त्याचा ईआरए 7.20. सप्टेंबरमध्ये सलग आठ पराभव. 28 सप्टेंबरला मायामीत शेवटचा सामना, जिंकलो असतो तर प्लेऑफच्या आत होतो, कारण तिकडे सिनसिनाटी रेड्सही हरले. आपण 0-4 हरलो. दोघांचे 83 विजय झाले, आणि आपसातल्या सामन्यांच्या हिशेबात ते पुढे गेले.

शून्य रन. त्या दुपारी क्लोझर नावाच्या माणसाला करण्यासारखं कामच नव्हतं.

अजून एक गोष्ट सांगतो, ती मला जास्त बोचते. 2025 च्या पूर्ण सीझनमध्ये आठ इनिंगनंतर पिछाडीवर असताना आपण एकही सामना जिंकला नाही. एकही नाही! म्हणजे आपल्या क्लोझरने आघाडी घालवली की आपण दोन दिवस जेवत नाही, आणि समोरच्या संघाच्या क्लोझरला आपण वर्षभरात एकदाही रडवलं नाही. ह्या दुसऱ्या गोष्टीबद्दल संक्रांतीला कुणी चकार शब्द काढला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

तुम्ही म्हणाल, 2019 विसरलास काय? विसरतोय कसला!

मंगळवार, 3 सप्टेंबर 2019. वॉशिंग्टनमध्ये सामना. आपल्याकडून पिचर डीग्रॉम, त्यांच्याकडून शर्झर. नवव्या इनिंगच्या वरच्या अर्ध्यात आपण पाच रन काढले, 10-4 झाले, आणि मी शहाण्यासारखा टीव्ही बंद करून दुसऱ्या दिवसाचा डबा भरायला गेलो. दहा वर्षांचा मुलगा वर लपून टॅब्लेटवर बघत होता. थोड्या वेळाने तो जिन्यावर येऊन उभा राहिला, चेहरा पांढराफटक. “बाबा, आपण हरलो.” मी म्हटलं, जुना सामना बघतोयस, झोप. जुना नव्हता. आधीच्या दोन पिचरनी सुरुवात करून दिली, मग डियाझ आला, त्यांच्या झिमरमनने दोन रनांचा डबल (दोन बेसचा फटका) मारला आणि कर्ट सुझुकीने तीन रनांचा होमरन. 11-10. त्या वर्षी डियाझचा ईआरए 5.59, 58 इनिंगमध्ये 15 होमरन, सात घालवलेले सेव्ह. आदल्याच वर्षी सिअ‍ॅटलकडून 57 सेव्ह मिळवून आलेला माणूस! आपण 86 सामने जिंकलो, ब्रूअर्स 89 जिंकून आत गेले. तीन विजय कमी पडले. आणि ज्यांनी आपल्याला त्या रात्री मारलं ते वॉशिंग्टनचे नॅशनल्स पुढे वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, जिंकले.

कबूल करतो, त्या वर्षी हिशेब डियाझच्या नावावर निघतो. सात घालवलेल्यांतले तीन-चार त्याने वाचवले असते तर चित्र वेगळं असतं. विजयासाठी क्लोझर बिनमहत्त्वाचा आहे असं मी म्हणत नाही; तसं म्हणायला मला वेड लागलेलं नाही. पण त्या वर्षी आपण काय केलं ते आठवा. आपल्या सिटी फील्ड मैदानावर तो बुलपेनचं (राखीव पिचर बसतात त्या जागेचं) दार उघडून बाहेर येईपर्यंतच आपली हुर्यो सुरू व्हायची. पहिला चेंडू टाकायच्या आधी. मीही उडवली. माझ्या शेजारी तोच मुलगा बसला होता, त्याने विचारलं, “बाबा, तो आपल्याच टीममध्ये आहे ना?” मी त्याला प्रेट्झेल घेऊन दिलं आणि विषय बदलला.

मग 2022 आलं. तोच माणूस, तेच हात. 62 इनिंगमध्ये 118 स्ट्राइकआउट, ईआरए 1.31. बुलपेनचं दार उघडलं की ट्रम्पेट वाजायचा आणि आपण चाळीस हजार लोक गणपतीच्या मिरवणुकीत नाचावं तसे नाचायचो. ऑगस्टअखेर तर तो ट्रम्पेटवाला स्वतः मैदानावर येऊन वाजवून गेला. त्या गर्दीत 2019 ला हुर्यो उडवणारे किती होते? सगळेच. आपण दुसरे कुठून आणणार?

हे मला इथे आल्यावर कळलं असं नाही. मी नागपूरचा. एप्रिल 1986 मध्ये शारजात जावेद मियाँदादने चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर सिक्स मारली, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. चार रन हवे होते आणि यॉर्कर टाकायला गेलेला चेंडू फुलटॉस पडला. आमच्या घरी दोन दिवस चेतन शर्माचं नाव काढायची सोय नव्हती. दीड वर्षाने, 31 ऑक्टोबर 1987 ला, वर्ल्ड कपचा न्यूझीलंडविरुद्धचा सामना सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर होता आणि बाबांनी कुठून तरी दोन तिकिटं पैदा केली होती. चेतन शर्मा बोलिंगला आला की आमच्या मागच्या रांगेतला एक जण “फुलटॉस! फुलटॉस!” म्हणून ओरडायचा आणि आम्ही हसायचो. मग त्याने रुदरफर्डचा त्रिफळा उडवला. पुढच्या चेंडूवर इयन स्मिथचा. पुढच्या चेंडूवर चॅटफील्डचा. वर्ल्ड कपच्या इतिहासातली पहिली हॅटट्रिक. मागच्या रांगेतला तो गृहस्थ माझ्या बाबांना मिठी मारून नाचत होता. त्याच दिवशी गावसकरने वन-डेतलं आपलं एकमेव शतक काढलं, तरी मला आठवतो तो मागच्या रांगेतला माणूसच.

हा झाला जुना किस्सा. नवा तर ताजाच आहे. एप्रिल 2024 मध्ये वानखेडेवर मुंबईकरांनी आपल्याच कप्तानाची, हार्दिक पंड्याची, हुर्यो उडवली. जूनअखेर बार्बाडोसमध्ये शेवटच्या ओव्हरला 16 रन राखायला चेंडू त्याच्याच हातात होता. जुलैच्या पहिल्या आठवड्यात वानखेडे त्याच्या नावाने दणाणत होतं. मुंबईकर आणि क्वीन्सवाले ह्या बाबतीत सख्खे भाऊ आहेत.

आणि 1986 चा विषय निघालाच आहे तर मेट्सच्या 1986 बद्दल बोलू. यंदा त्याला चाळीस वर्षं होतील. वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, दहावी इनिंग, बॉस्टन दोन रनांनी पुढे, आपले दोन बॅटर बाद, तिसरा गेला की संपलं. जगाला आठवतं काय, तर मूकी विल्सनचा चेंडू बिल बकनरच्या पायांमधून गेला. बिचाऱ्या बकनरला पुढची कित्येक वर्षं लोकांनी जगू दिलं नाही. पण क्रम नीट आठवा. त्याआधी बॉस्टनच्या कॅल्विन शिराल्डीने दोन बाद असताना ओळीने तीन सिंगल दिले होते. मग आलेल्या बॉब स्टॅनलीच्या भरकटलेल्या चेंडूवर बरोबरी झाली होती. बकनरच्या पायांतून चेंडू गेला तेव्हा बॉस्टनची आघाडी शिल्लकच नव्हती. शिवाय सातवा सामना बाकी होता, त्यात बॉस्टन 3-0 पुढे होतं, आणि तोही ते हरले. बकनर त्या कहाणीतलं शेवटचं चित्र होता, एवढाच त्याचा गुन्हा. आपल्याला ती चूक फळली म्हणून आपण हसतो. पण न्याय म्हणून बघितलं तर तो न्याय नव्हता.

आता ‘क्लोझर ढेपाळला की प्लेऑफ विसरा’ ह्या वहिनींच्या सिद्धान्ताकडे येतो. वहिनी, रागावू नका, फिलाडेल्फियाला जाऊन या. 2008 साली ब्रॅड लिजने सीझन आणि प्लेऑफ धरून 48 पैकी 48 सेव्ह मिळवले आणि फिलीज वर्ल्ड सिरीज जिंकले. 2009 साली त्याच लिजचा ईआरए 7.21. एकही विजय नाही, आठ पराभव, अकरा घालवलेले सेव्ह. फिलीज तरीही वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचले. क्लोझर इतका वाईट खेळूनही! कारण बाकीचा संघ आठ इनिंग मारत होता. ज्यांच्याकडे पाच रनांची आघाडी असते त्यांना क्लोझर आठवत नाही.

आकडाही असाच आहे. नवव्या इनिंगला आघाडी घेऊन उतरलेला संघ शंभरातले साधारण 95 सामने जिंकतो. क्लोझर नावाची जमात जन्माला यायच्या आधीही जवळपास तेवढेच जिंकायचा. मुळात ‘सेव्ह’ ही पत्रकाराची कल्पना. शिकागोच्या जेरोम होल्ट्झमन ह्यांनी 1960 च्या सुमारास ती काढली आणि 1969 पासून ती अधिकृत झाली. आघाडी तीन रनांपेक्षा जास्त नसावी, एक पूर्ण इनिंग टाकावी, शिवाय एक-दोन पोटकलमं. म्हणजे तीन रन पुढे असताना आठव्या-नवव्या नंबरच्या बॅटरला बाद केलं की सेव्ह. आणि सातव्या इनिंगला बेस भरलेले, एका रनाची आघाडी, समोर लीगमधला सगळ्यात दांडगा बॅटर. तिथे जो आपलं मुंडकं वाचवतो त्याला सेव्ह नाही. हे म्हणजे लग्नात आचाऱ्याला विसरून विडा देणाऱ्याला अहेर केल्यासारखं.

ह्या हिशेबापायी शहाणीसुरती माणसंही कशी आंधळी होतात त्याचा नमुना म्हणजे ऑक्टोबर 2016 चा टोरांटोतला बाद फेरीचा सामना. बाल्टिमोरचा झॅक ब्रिटन त्या वर्षी 47 पैकी 47 सेव्ह, ईआरए 0.54. मॅनेजर बक शोवॉल्टरने त्याला सेव्हची वेळ येईल म्हणून राखून ठेवला. वेळ आलीच नाही. अकराव्या इनिंगला दुसऱ्याच पिचरला एन्कार्नासियोनने तीन रनांचा होमरन मारला आणि सर्वोत्तम पिचर एकही चेंडू न टाकता बॅग भरून घरी गेला. तोच शोवॉल्टर 2022 ला आपला मॅनेजर होता, आणि पाद्रेसविरुद्धच्या प्लेऑफमध्ये त्याने डियाझला सातव्या इनिंगलाच आणलं. तो सामना आपण जिंकलो. सहा वर्षं लागली, पण शिकला.

म्हणून ह्या पत्रातला एक परिच्छेद आपल्या संघाचे कर्तेधर्ते श्री. डेव्हिड स्टर्न्स आणि मॅनेजर श्री. कार्लोस मेंडोझा ह्यांना उद्देशून आहे. त्यांना मराठी येत नाही हे मला ठाऊक आहे, कुणी तरी समजावून सांगावं. स्टर्न्ससाहेब, विल्यम्स तुम्हाला मिलवॉकीपासून माहीत आहे, तुम्ही उगाच घेतला नसणार. पण नवव्या इनिंगचा सातबारा त्याच्या नावावर करू नका. तुमच्याकडे आता ल्यूक वीव्हरही आहे. समोर कोण बॅटर आहे ते बघून ज्याला पाठवायचं त्याला पाठवा, सातव्यात, आठव्यात, कुठेही. एप्रिलमध्ये त्याचे दोन सेव्ह गेले तर पत्रकारांपुढे ‘क्लोझर आता कोण’ हे नाटक मांडू नका. आणि स्टार्टर लोकांना सहा इनिंग टाकायची सवय लावा. गेल्या वर्षीचं ते खरं दुखणं होतं. जानेवारीत स्टार्टर फ्रेडी पेराल्टाला आणलंत, ते मला विल्यम्सपेक्षा महत्त्वाचं वाटतं. संक्रांतीनंतर ही बातमी आली तेव्हा आपल्यापैकी एकाचाही मला फोन आला नाही, विल्यम्सवरून मात्र अजून येतात.

परत तुमच्याकडे. विल्यम्स आणि आपलं जुनं नातं आहे हे कुणी बोललंच नाही. 3 ऑक्टोबर 2024. घटस्थापनेचा दिवस होता, आमच्याकडे घट बसले होते आणि मी देवीसमोरच्या समईत तेल घालायच्या निमित्ताने दर पाच मिनिटांनी दिवाणखान्यात डोकावत होतो. मिलवॉकी, प्लेऑफच्या पहिल्या फेरीचा तिसरा आणि शेवटचा सामना, आपण 0-2 मागे, नववी इनिंग, समोर विल्यम्स. आपला लिंडोर बेसवर, निम्मो बेसवर, आणि आपल्याच पीट अलोन्सोने तोच जगप्रसिद्ध चेंजअप उजवीकडे भिंतीपलीकडे ढकलला. मी किंचाळलो ते देवीने माफ केलं असावं. त्या चेंडूने आपल्याला फिलाडेल्फियाला आणि पुढे लॉस एंजेलिसला नेलं. बरं, त्या रात्री आपली नववी इनिंग कुणी टाकली? डियाझने नव्हे. डेव्हिड पीटरसनने, जो स्टार्टर होता, ज्याच्या नावावर तोपर्यंत एकही सेव्ह नव्हता.

आणि त्याच्या तीनच दिवस आधी अटलांटात काय झालं होतं? सोमवारची दुपार, मी ऑफिसात मीटिंगचं नाटक करत होतो. आठव्या इनिंगला आपण सहा रन काढून 6-3 केले. मग डियाझ आला. एका साध्या ग्राउंडरवर (जमिनीवरून गेलेल्या फटक्यावर) पहिला बेस गाठायला तो वेळेत निघालाच नाही, मग अल्बीसने तीन रनांचा डबल मारला, 6-7. तेवढ्यात काकांचा मेसेज : ‘हा माणूस आपल्याला मारणार.’ नवव्यात लिंडोरने दोन रनांचा होमरन मारला, 8-7. आणि मेंडोझाने डियाझलाच परत पाठवलं. मेमध्ये ज्याचं क्लोझरचं काम काढून घेतलं होतं, अर्ध्या तासापूर्वी ज्याने सीझन जवळपास बुडवला होता, त्यालाच. त्याने शेवटचा बॅटर बाद केला, आपण आत. काका, तुमचा तो मेसेज माझ्याकडे अजून आहे, पण मी दाखवणार नाही.

हुर्यो उडवायचा हक्क आपल्याला नाही असं मी म्हणत नाही. चौघांचं तिकीट, गाडी, खाणं धरलं तर एका संध्याकाळीत नागपूरचं विमानाचं अर्धं भाडं जातं. पैसे मोजलेल्याने गप्प बसावं असा कायदा नाही. 2021 मध्ये खेळाडूंनीच आपल्याकडे बघून अंगठा खाली केला होता, तेव्हा मीही चिडलो होतो. मालकांना, मॅनेजरला, प्रेक्षकांना असं उत्तर देऊ नये. पण कशाची हुर्यो उडवायची ते ठरवू. ग्राउंडर मारून पहिल्या बेसकडे चालत जाणाऱ्याची उडवा. बेस गाठायला न पळणाऱ्याची उडवा, डियाझ असला तरी. बेस भरलेले असताना पहिल्याच चेंडूवर पॉपअप (सोपा झेल) देणाऱ्याची मन भरून उडवा, मी सोबत आहे. चांगला टाकलेला चेंजअप कुणी भिंतीपलीकडे मारला, तर तो खेळ आहे. अलोन्सोने मारला तेव्हा आपण त्याला पराक्रम म्हटलं होतं.

मलाही धाकधूक आहे, हे लपवत नाही. विल्यम्सचा वेगवान चेंडू गेल्या वर्षी कधी कधी बॅटरला फुकट दिल्यासारखा यायचा, आणि बॅटर चेंजअपला हात न लावता त्याचीच वाट बघायला शिकलेत. 2021 मध्ये ब्रूअर्सनी डिव्हिजन जिंकल्याच्या रात्री ह्याने भिंतीवर बुक्की मारून हात मोडून घेतला आणि प्लेऑफला मुकला, तो तापट स्वभाव न्यूयॉर्कमध्ये आणखी तापेल की काय, तेही आहे. अलोन्सो बाल्टिमोरला गेला, निम्मो टेक्ससला, त्यामुळे आघाडी तरी कितीदा मिळणार हा त्याहून मोठा प्रश्न. नव्वद विजय मी आज लिहून देणार नाही. पण 83 वर अडकलो तर त्याचं कारण मे महिन्यात शोधा, शेवटच्या आठवड्यात नको.

एप्रिलमधल्या एका रविवारच्या सामन्याला आपण सगळे जाऊ. तिकिटांचं मी बघतो. मेट्रोपार्कहून सकाळची गाडी, पेन स्टेशनला उतरून पुढे लाँग आयलंडची गाडी न घेता टाइम्स स्क्वेअरहून सेव्हन ट्रेनने फ्लशिंगपर्यंत, म्हणजे बोन स्ट्रीटच्या गणपतीचं दर्शन आणि खाली कॅन्टीनमध्ये डोसा उरकून मग मैदान. घरून पराठे आणू नयेत, गेल्या वेळी लोणच्याचं तेल माझ्या जर्सीवर सांडलं ते निघालेलं नाही. विल्यम्स बुलपेनमधून बाहेर येईल तेव्हा ताईने खुर्चीवर उभं राहायला हरकत नाही, पण पहिला चेंडू पडेपर्यंत टाळ्या. त्यानंतरचं त्यानंतर.

आपला,
सेक्शन 514 मधला नागपूरकर

ता. क. : यँकी स्टेडियमने ज्या वीव्हरसाठी विल्यम्सला घालवलं, त्या वीव्हरचीही ऑक्टोबरमध्ये धुलाई झाली, आणि आता दोघंही आपल्याकडे एकाच बाकावर बसणार आहेत. तेव्हा ‘वुई वाँट वीव्हर’ ओरडायची सुरसुरी आली, तर आधी कोण टाकतोय ते बघून घ्या.